बोंड आणि सूर्य

ऑलिंपिकचे सामने चार वर्षांनी येतात आणि पंधरवड्यात उरकतात. पण त्यांचे बोधचिन्ह ठरवताना यजमान शहराची झोप उडते. लग्नपत्रिकेवरचा गणपती कसा असावा यावरून घरात जे रण माजते, तेच इथे जगाच्या वेशीवर माजते म्हणा ना! आम्ही पडलो शब्दांवर पोट भरणारे. एक अक्षरही न बोलता सारे सांगून टाकणाऱ्या या चिन्हांचा मला थोडा हेवाच वाटतो.

पाच कडी हे या साऱ्यांचे कुलदैवत. कूबेर्तँ या फ्रेंच गृहस्थाने ती १९१३ साली रेखाटली आणि १९२० साली अँटवर्पला ती ध्वजावर फडकली. पुढे प्रत्येक शहर त्यांना आपापला साज चढवू लागले. १९३६ साली बर्लिनने घंटा काढली. तिच्यावर गरुड आणि पाच कडी. त्याच बर्लिनमध्ये आमच्या शेजारच्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. १९५२ साली हेलसिंकीने स्टेडियमचा मनोरा घेतला; तिथेच आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले. मग चित्रे सुटसुटीत होत गेली. मेक्सिकोने १९६८ साली नुसत्या रेषांच्या लाटा उठविल्या. दिल्लीने १९८२ च्या आशियाई खेळांसाठी जंतरमंतर निवडले.

पण माझे मन अडकते ते १९६४ च्या टोकियोत. युसाकू कामेकुरा यांनी काय काढले? एक तांबडा वाटोळा सूर्य, खाली सोनेरी कडी. बस्स! जपानच्या झेंड्यावरचाच तो सूर्य. युद्धात आशियातल्या कितीतरी घरांनी तो भीतीने पाहिला होता. त्या वर्षी मैदानावरची ज्योत पेटविली योशिनोरी साकाई या तरुणाने. हिरोशिमावर बाँब पडला त्याच दिवशी, त्याच प्रांतात तो जन्मला होता. सूर्य तोच, पण त्याच्याखाली आता सैन्य नव्हते, धावणारी पोरे होती.

हे मला आठवले ते आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडासप्ताहात. झेंड्यावर काय काढावे, यावर मुलांची सभा भरली होती. एकीने सुचविले, "कापसाचं बोंड." यवतमाळ जिल्ह्याला दुसरे काय शोभणार? पण एक मुलगा ताडकन उठला. म्हणाला, "सर, बोंडामागे कर्ज आहे, मरण आहे. खेळाच्या झेंड्यावर ते नको." सभा चिडीचूप झाली. त्या बाकांवर ज्यांच्या घरात हे घडले होते अशीही मुले होती.

सुचविणारी मुलगी शेतकऱ्याचीच. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या गावाचं नाव पेपरात येतं ते आत्महत्येसाठीच. बोंड काही वाईट नाही, सर. एकदा तरी ते हसताना दिसू द्या ना."

मी काही बोललो नाही. मतदान झाले आणि चार मतांनी बोंड जिंकले. तो मुलगा रुसला नाही. रंगाचा डबा त्यानेच आणला.

वर्गात मी सांगत असतो की शब्दाला अर्थ कोश देत नाही, बोलणारी माणसे देतात. चिन्हाचेही तसेच असावे. बर्लिनच्या घंटेत चित्रकाराची चूक कोणती? तिचा नाद ज्यांच्या हाती गेला, त्यांनी तिला बदनाम केले. टोकियोचा सूर्य सुंदर ठरला, कारण त्याच्याखाली माणसे नीट वागली.

झेंड्यावर बोंड आल्याने कापसाचा भाव चढत नाही, सावकाराचे व्याज उतरत नाही, हे आम्ही जाणतो. ते काम झेंड्याचे नव्हे, तुमचे-आमचे आहे. पण चारशे मीटरच्या शर्यतीत मुले त्या बोंडाखालून धावत सुटली, तेव्हा कठड्याला टेकून उभा असलेला एक म्हातारा शेतकरी टाळ्या वाजवीत होता. कुणासाठी, ते मी विचारले नाही.