पाकिटावरचं चित्र नको, शिवरात्रीचं ऊन बघा



नवरात्र जवळ आलं की दुकानात फुलांच्या बियांची रंगीत पाकिटं टांगलेली दिसतात. पॅन्सी काय, स्वीट पी काय, एकापेक्षा एक देखणं. पण आपल्या बार्शी-धाराशिवच्या पट्ट्यात वस्तीपुढं हिवाळी फुलं लावायची तर चित्राला भुलू नका. शिवरात्रीच्या उन्हात कोण उभं राहील, ते बघून बी घ्या.

आपल्याकडं खरी थंडी दोन-अडीच महिन्यांची. संक्रांत सरली की दुपार तापायला लागते. निफाडच्या थंडीत पॅन्सीला वेळ मिळतो, इथं ती रंगात येते न येते तोवर ऊन हजर. स्वीट पीचंही तेच.

माझ्या मते पहिला मान कॅलेंडुलाचा. बी जाड, वाकडं, लहान पोरंसुद्धा पेरतील. दसऱ्याला टाकलं तर संक्रांतीच्या आत फूल. त्याच्या जोडीला फ्लॉक्स आणि गलांडा. ही दोन्ही मूळची अमेरिकेतली, टेक्सासकडची, त्यामुळं उन्हाला लगेच माना टाकत नाहीत. बाकीची वाळली तरी गलांडा फुलतच राहतोय.

पेटुनिया चांगलाच, फक्त बी धुळीसारखं बारीक. कोरड्या वाळूत मिसळून टाका आणि वर माती ओढू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. लार्क्सपरची घाई नको. जमीन तापलेली असली तर बी उगवत नाही. दिवाळीनंतर गारवा आला की जागेवरच पेरा, उपटून लावलेलं त्याला सोसत नाही.

ॲस्टरमध्ये राहुरी विद्यापीठाच्या पुण्यातल्या गणेशखिंड केंद्राचे फुले गणेश व्हाइट, पिंक, व्हायोलेट, पर्पल हे वाण आहेत. बी मात्र ताजंच घ्या, ॲस्टरच्या जुन्या बियाची उगवण लवकर घटते.

डिसेंबरात नर्सरीतून फुललेली कुंडी आणायची पद्धत मला पटत नाही. कुंडीत मुळ्या गुंडाळलेल्या, फुलांचा निम्मा भर तिथंच सरलेला. त्या पैशात बियांचं पाकीट येतंय. शिवाय ती बहुतेक संकरित, तिचं बी धरलं तर पुढच्या साली रंग भलताच. आपल्या आया-आज्या झेंडूचं बी फडक्यात बांधून ठेवायच्या, शेजारणीला चिमूटभर द्यायच्या. ज्वारीचं बी गेलं, भाजीपाल्याचं गेलं, आता अंगणातल्या फुलाचंही दरसाल विकत? कॅलेंडुला, गलांडा, साधा कॉसमॉस यांचं बी घरी सहज धरता येतं. दोन-चार चांगली झाडं ठेवून द्या आणि त्यांची फुलं खुडू नका. बाकीच्यांची सुकलेली फुलं मात्र दर दोन दिवसांनी काढा. झाड बी धरायला लागलं की नवी कळी कमी होते.

आणखी एक. ज्यांचे कांद्याचे डोंगळे आहेत त्यांनी एकेरी पाकळीची फुलं लावावीत. गच्च दुहेरी फुलात मधमाशीला परागापर्यंत पोचता येत नाही. आणि त्या वाफ्यावर हौसेनं कीटकनाशक मारू नका.

सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. निम्मं दसऱ्याला टाका, निम्मं वीस दिवसांनी. पाणी सकाळी, बुडाशी. झेंडू मात्र फेब्रुवारीच्या शेवटाला रोज उलटून बघा, पानाखाली लाल कोळी तेव्हाच बसतोय.