सेलरी खा, पण तिला औषध समजू नका

सकाळी उपाशीपोटी सेलरीचा ग्लासभर रस घेतला की वजन उतरते, रक्तदाब आटोक्यात येतो, शरीर ‘शुद्ध’ होते, असे संदेश मोबाइलवर सतत फिरत असतात. सेलरी ही चांगली भाजी आहे, मात्र या दाव्यांना भक्कम आधार नाही.

कोथिंबीर, शेपू आणि गाजराच्या कुळातल्या या भाजीत सुमारे 95 टक्के पाणी असते. 100 ग्रॅम सेलरीतून साधारण 15 कॅलरी, दीड ग्रॅम तंतू, 260 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि थोडे ‘के’ जीवनसत्त्व मिळते. ‘क’ जीवनसत्त्व जेमतेम 3 मिलिग्रॅम. आपल्या कोथिंबिरीत ते याच्या कितीतरी पट असते. सेलरीचा खरा गुण म्हणजे ती चावून खावी लागते, पोट भरते आणि कॅलरी कमी जातात. रस गाळला की तंतू चोथ्यात जातात आणि नेमका हाच गुण हरवतो.

धोका आहे तो प्रमाणाचा. मोठ्या ग्लासभर रसासाठी जवळपास अर्धा किलो सेलरी लागते. तेवढ्या सेलरीत सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दिवसभराच्या 2000 मिलिग्रॅमच्या मर्यादेचा हा पाचवा हिस्सा झाला. शिवाय 1300 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. यातले बरेचसे रसात उतरते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा रस रोज घेऊ नये. रसाच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

भाजी म्हणून मात्र सेलरी जरूर आणावी. घरी आणलेली जुडी दोन दिवसांत मऊ पडते, कारण देठांच्या पेशींतले पाणी उडून जाते. त्यामुळे ती न धुता, कोरडी, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये सैलसर गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावी. ओलावा टिकतो, पण हवा पूर्ण कोंडत नाही; अशी जुडी दोन आठवडेही चांगली राहते. सफरचंद, पिकलेली केळी शेजारी नकोत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने भाजी पिवळी पडते. चिरलेले तुकडे झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि पाणी रोज बदलावे. मलूल देठ अर्धा तास थंडगार पाण्यात ठेवले की पुन्हा कुरकुरीत होतात. पाने फेकू नका; सूपमध्ये कोथिंबिरीसारखी वापरा.

आणि सेलरी महाग वाटली, तर मन खट्टू करू नका. मेथी, माठ, शेपू, मुळ्याचा पाला आपल्या मंडईत आहेतच. आरोग्य एका भाजीच्या रसात नसते, ते रोजच्या ताटात असते.