खेळण्यातला रणगाडा

प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवून मुले घरे, मोटारी बनवतात. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने मात्र आधुनिक युद्धातले हुबेहूब रणगाडे काढायचे नाहीत, असे ठरवलेले आहे. पोलंडची कोबी कंपनी ते काढते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचे संचही तिने काढले आहेत.

पोलंडने जर्मन रणगाड्याचे खेळणे करावे, याचे नवल वाटेल. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन फौजा याच देशात घुसल्या आणि महायुद्ध पेटले. पण पँथरची एक वेगळी हकीकतही पोलंडकडे आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सा शहराने जर्मनांविरुद्ध उठाव केला. ‘झोश्का’ तुकडीतल्या तरुणांनी शत्रूचे दोन पँथर काबीज केले आणि ५ ऑगस्टला त्यांतला एक घेऊन गेंशुव्का छळछावणीवर चाल केली. ३४८ ज्यू कैदी मुक्त झाले. त्यांतले अनेकजण लगेच उठावात सामील झाले. पुढे २ ऑक्टोबरला उठाव मोडला आणि जर्मनांनी उरलेसुरले शहरही पाडून टाकले.

पालकहो, पंचेचाळीस टन वजन, ७५ मिलिमीटरची तोफ, आत पाच सैनिक ही माहिती मुले आपणहून पाठ करतात. हा रणगाडा कोणाच्या घरादारावर चालून गेला आणि एकदा कोणाच्या सुटकेसाठी त्याचे तोंड फिरवले गेले, हे मात्र घरातल्या मोठ्यांनीच सांगायला हवे. ठोकळे जुळवताना तासन्‌तास जातात. त्यातली दहा मिनिटे एवढ्यासाठी पुरेत.