जुने सुटे भाग अन् नवी डोकेदुखी
हँग होणाऱ्या संगणकाचे निदान हा तांत्रिक प्रश्न आहे, तितकाच पुराव्याचाही

पुणे - संगणक मंदावला, की नवा घेण्याऐवजी त्यात एखादा वापरलेला भाग बसवून आणखी दोन-तीन वर्षे काम भागवायचे, हा पुण्यातील अनेक घरांचा आणि छोट्या व्यावसायिकांचा शिरस्ता आहे. बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि तिच्या आसपासचा परिसर ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची शहरातील जुनी बाजारपेठ. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही नशिबाने कामाची वस्तू हाती लागते. गेल्या काही वर्षांत त्यात इंटरनेटवरील खरेदी-विक्रीची भर पडली आहे. पैसे वाचतात, चालू स्थितीतील वस्तू कचऱ्यात जात नाही. व्यवहार तसा शहाणपणाचाच.

अडचण सुरू होते ती भाग बसविल्यानंतर. दुकानात व्यवस्थित सुरू झालेला संगणक घरी आणल्यावर अर्ध्या तासात हँग होतो. माउस हलत नाही, पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळ आहे त्याच मिनिटावर थांबते आणि बटण दाबून धरण्यावाचून पर्याय उरत नाही. विक्रेता म्हणतो, 'आमच्याकडे चालत होता.' दुरुस्ती करणारा म्हणतो, 'फॉरमॅट मारावा लागेल.' या दोघांमध्ये हेलपाटे घालतो तो ग्राहक. प्रकल्प सादर करण्याची तारीख जवळ आलेला विद्यार्थी असो किंवा लग्नपत्रिकांच्या हंगामातील डीटीपी व्यावसायिक, त्याचे वाचलेले पैसे तर जातातच. कामही अडते आणि कधीकधी साठवलेली माहितीही नष्ट होते.

हे टाळता येते. मात्र, त्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जुन्या भागाबरोबर त्याचा इतिहास मिळत नाही. तो किती तास चालला, किती तापला, कोणी कशासाठी वापरला, हे खरेदीदाराला ठाऊक नसते. संगणकाचे निदान करणे म्हणजे तो हरवलेला इतिहास शक्य तितका परत मिळविणे. हे काम विक्रेत्याने दिलेल्या मुदतीत झाले, तरच त्याचा उपयोग.

मागणी का वाढली?

'मायक्रोसॉफ्ट'ने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नियमित आधार थांबविला. 'विंडोज ११'साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि 'इंटेल'चा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील अनेक संगणक एका फटक्यात 'जुने' ठरले. कार्यालये असे संगणक काढून टाकतात, तेव्हा त्यातील रॅम, हार्ड डिस्क आणि एसएमपीएस सुटे होऊन बाजारात येतात.

त्याच सुमारास नव्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मेमरी चिपला प्रचंड मागणी आली आणि उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळविली. 'मायक्रॉन'ने ३ डिसेंबर २०२५ रोजी 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम व एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली, यावरून या बदलाची दिशा कळते. नवी रॅम महागली, की गिऱ्हाईक जुन्या रॅमकडे वळणारच. ग्राफिक्स कार्डांची कथा थोडी आधीची. 'इथेरियम' या आभासी चलनाची व्यवस्था १५ सप्टेंबर २०२२ रोजी बदलली, ग्राफिक्स कार्डांवर त्याचे 'मायनिंग' करणे निरर्थक झाले आणि दिवस-रात्र राबलेली कार्डे जगभरच्या सेकंड हँड बाजारात उतरली.

वरून नवे, आतून दमलेले

जुना भाग बिघडलेलाच असतो, असे नाही. तथापि, काही ठळक प्रकरणे सावध करणारी आहेत. 'गूगल'च्या सर्व्हरमधील रॅमचा सुमारे अडीच वर्षांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांमध्ये त्रुटी आढळल्या आणि वयाबरोबर त्रुटींचे प्रमाण वाढत असल्याचेही दिसून आले. सर्व्हरच्या रॅममध्ये चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय असते. घरगुती संगणकाच्या रॅममध्ये ती सहसा नसते. तेथे चूक निमूटपणे पुढे जाते. कधी चित्राचा एखादा ठिपका बिघडतो, तर कधी सारा संगणक जागीच थांबतो.

प्रोसेसरबाबत 'इंटेल'चे प्रकरण ताजे आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे कंपनीने जुलै २०२४ मध्ये मान्य केले, त्यानंतर सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. पण हा मायक्रोकोड पुढचे नुकसान रोखतो, झालेले भरून काढत नाही. असा प्रोसेसर जुन्यात घेणाऱ्याला आधीच्या मालकाने बायोस वेळेवर अद्ययावत केले होते की नाही, हे कळणार कसे?

हार्ड डिस्कच्या बाबतीत फसवणुकीचा प्रकारही उघड झाला. हजारो तास वापरलेल्या 'सीगेट'च्या डिस्क विक्रीसाखळीत कोणीतरी नव्या म्हणून घुसविल्याचे जर्मनीतील संगणकविषयक पत्रकारांनी २०२५ च्या प्रारंभी समोर आणले. डिस्क स्वतःच्या वापराची जी नोंद ठेवते, ती पुसण्यात आली होती. 'फार्म' नावाची दुसरी, खोलवरची नोंद मात्र शिल्लक राहिली आणि तिनेच बिंग फोडले. वस्तू बोलते, पण ती नेमकी कोठे बोलते, हे माहीत असावे लागते.

हँग होण्याची तऱ्हा ओळखा

सगळे संगणक सारखेच हँग झाल्यासारखे दिसतात. तरीही बारकाईने पाहिल्यास प्रत्येक बिघाडाची तऱ्हा वेगळी असते. संगणक सुरू केल्यावर ठरावीक वेळाने, विशेषतः जड काम करताना थांबत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. वाळलेली थर्मल पेस्ट, धुळीने भरलेला पंखा किंवा नीट न बसलेला हीटसिंक ही त्याची नेहमीची कारणे. मायनिंगमध्ये वापरलेल्या ग्राफिक्स कार्डांत चिपपेक्षा पंखे आणि थर्मल पॅड आधी थकतात.

हँग होण्याला काळवेळच नसेल, दर वेळी निळ्या पडद्यावर वेगळा संदेश येत असेल, मोठ्या झिप फाइल उघडताना चुका दाखवल्या जात असतील, तर रॅमकडे वळावे. माउस हलतो, पण काहीच उघडत नाही, डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो आणि मिनिटभराने सारे पुन्हा सुरू होते, अशी स्थिती असल्यास डिस्क किंवा तिची केबल तपासावी. गेम किंवा व्हिडिओचे काम सुरू होताच संगणक थेट बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर एसएमपीएस अपुरा किंवा थकलेला असण्याची शक्यता अधिक. रोज घड्याळ मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरील तीन व्होल्टची छोटी बॅटरी संपली आहे. तिच्यामुळे बायोसमधील नोंदीही पुसल्या जातात.

ही लक्षणे म्हणजे निकाल नव्हे. चौकशी कोठून सुरू करायची, एवढेच ती सांगतात.

एका वेळी एकच बदल

घाईत केली जाणारी नेहमीची चूक म्हणजे रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क एकाच दिवशी बसविणे. मग दोष कोणाचा, हे शोधता येत नाही. हँग होण्यास सुरवात झाल्यास प्रथम नुकताच बसविलेला भाग काढून संगणक पूर्वस्थितीत आणावा. त्यानंतर महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. हा क्रम उलटा करू नये. कारण सदोष रॅम बसवलेली असताना घेतलेली प्रतही सदोष निघू शकते. पूर्वस्थितीत संगणक एक-दोन दिवस सुरळीत चालला, तर तोच भाग पुन्हा बसवून त्रास परततो का, ते पाहावे. परतला, तर संशय पक्का होतो.

पक्का होतो तो संशय, गुन्हा नव्हे. कार्यालयातून आलेल्या अनेक छोट्या संगणकांचे एसएमपीएस २०० ते ३०० वॉटचे असतात. मदरबोर्डवरील खाच ग्राफिक्स कार्डाला ७५ वॉटपर्यंतच वीज देते. मोठी कार्डे त्याहून जास्त वीज थेट एसएमपीएसकडून ओढतात. अशा वेळी कार्ड निर्दोष असूनही संगणक बंद पडतो. ते कार्ड दुसऱ्या, पुरेशा वीजक्षमतेच्या संगणकात लावून पाहिल्याशिवाय त्याला दोषी ठरवू नये. एसएमपीएसची १२ व्होल्टची वाहिनी कामाच्या भरात ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत राहायला हवी.

रॅमचेही तसेच. स्वतंत्रपणे उत्तम चालणाऱ्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र आल्या, की कुरबुर करतात. बायोसमध्ये जादा वेगाची 'एक्सएमपी' सुविधा सुरू असल्यास ती बंद करून मूळ वेगावर तपासणी करावी. व्होल्टेजही जुळायला हवे. 'इंटेल'च्या सहाव्या पिढीच्या डीडीआर३ प्रकारच्या बोर्डांसाठी १.३५ व्होल्टची 'डीडीआर३एल' रॅम सांगितलेली आहे. १.५ व्होल्टची जुनी पट्टी त्या खाचेत बसते, म्हणून ती चालेलच असे नाही. रॅमची सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसविण्याचा कारागिरांचा जुना उपाय पावसाळ्यात आजही कामी येतो.

त्यानंतरही त्रास कायम राहिल्यास 'मेमटेस्ट८६' हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवावा. एकेक पट्टी स्वतंत्र तपासावी. एक जरी त्रुटी दिसली, तरी ती 'थोडीशी' म्हणून सोडून देऊ नये; पट्टी, खाच किंवा वेग यांपैकी कशात तरी खोट आहे, असे समजावे. डिस्कसाठी 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारख्या प्रोग्रॅममध्ये चालल्याचे तास आणि निकामी होऊन बदललेल्या तसेच प्रलंबित सेक्टरची संख्या पाहावी. 'सीआरसी'च्या चुका वाढत असतील, तर डिस्क फेकण्यापूर्वी केबल बदलून पाहावी. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये हँग होण्याच्या वेळेच्या नोंदी वाचाव्यात. तेथे 'डब्ल्यूएचईए' असा उल्लेख आल्यास दोष सॉफ्टवेअरपेक्षा हार्डवेअरमध्ये असण्याची शक्यता मोठी.

'फॉरमॅट'ची घाई नको

या साऱ्यात वेळ जातो. म्हणून दुरुस्तीच्या दुकानात सरसकट फॉरमॅट मारण्याचा मार्ग निवडला जातो. ड्रायव्हरचा गोंधळ असेल, तर त्याचा उपयोगही होतो. हार्डवेअरच सदोष असेल, तर मात्र नव्याने टाकलेले विंडोजही त्याच खराब रॅममधून डिस्कवर उतरते. चार दिवसांनी तोच त्रास सुरू होतो. दरम्यान जुनी माहिती गेलेली असते, हँग झाल्याच्या नोंदी पुसलेल्या असतात आणि विक्रेत्याने दिलेली आठवड्याची मुदतही संपलेली असते. थोडक्यात, फॉरमॅटमुळे दोष जात नाही, दोषाचा पुरावा जातो.

कायदा काय सांगतो?

'जुन्या मालाला गॅरंटी नाही' हे वाक्य ऐकून अनेक जण हात टेकतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील वस्तूच्या व्याख्येतून जुना माल वगळलेला नाही. वापरलेली किंवा पुनर्बांधणी केलेली वस्तू नवी म्हणून विकणे, बिल न देणे, तसेच सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत किंवा तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, या तिन्ही गोष्टी या कायद्याच्या कलम २ (४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा डीटीपी व्यावसायिकही 'ग्राहक' ठरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा आयोगाकडे तक्रार करताना शुल्क लागत नाही आणि ग्राहक जेथे राहतो तेथेच ती दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

या संरक्षणाला मर्यादाही आहेत. 'जुना' म्हणून सांगूनच विकलेली वस्तू नव्यासारखी चालावी, अशी अपेक्षा टिकणार नाही. आपले जुने कार्ड विकणारी खासगी व्यक्ती व्यापारी नसते. तिच्याविरुद्ध या कायद्याचा आधार घेणे अवघड. शिवाय, बिलावर भागाचा अनुक्रमांक नसेल, तर 'हा माल आमचा नाहीच' असे म्हणण्यास विक्रेता मोकळा राहतो.

म्हणूनच काही साध्या गोष्टी रूढ व्हायला हव्यात. विक्रेत्याने बिलावर 'वापरलेला' असा स्पष्ट उल्लेख, अनुक्रमांक आणि तपासणीची मुदत लिहावी. डिस्कच्या तासांचे व रॅमच्या तपासणीचे पडद्यावरील छायाचित्र गिऱ्हाइकाला द्यावे. ग्राहकानेही भाग बसविल्याची तारीख, हँग झाल्याच्या वेळा आणि चाचण्यांचे निकाल टिपून ठेवावेत. अशा नोंदी असतील, तर प्रामाणिक विक्रेत्यावर न जुळणाऱ्या एसएमपीएसचे खापर फुटणार नाही आणि अप्रामाणिक विक्रेत्याला अंग झटकता येणार नाही.

इ-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात जुनी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. वस्तूंचे आयुष्य वाढावे, हे धोरण योग्यच. पण जुन्या भागावरचा विश्वास टिकला नाही, तर तो भाग अखेर कचऱ्यातच जाईल. तो विश्वास कायद्याने जितका टिकेल, त्याहून अधिक बिलावरच्या अनुक्रमांकाने आणि रात्रभर चालविलेल्या एका चाचणीने टिकेल. खरेदीच्या दिवशीच ही चाचणी सुरू करणे ग्राहकाच्या हाती आहे.