सशाचा झेंडा

माझी भाची कॉलेजात शिकते. रात्री जेवणं आटोपली की संगणकावर 'ओव्हरवॉच' खेळायला बसते. पाच-सहा जणांचे दोन संघ, हातात बंदुका, काळ भविष्यातला. खेळाडू कुठकुठले, एकमेकांना कधी न पाहिलेले. बोलणं होतं ते माइकवरून. भाचीचा माइक मात्र कायम बंद. कारण विचारलं तर म्हणाली, "मावशी, मुलीचा आवाज ऐकला की खेळ राहतो बाजूला. एक तर शिव्या, नाही तर लाडीगोडी."

आपल्यापैकी अनेकजणी म्हणतील, मग खेळतेस कशाला? मारामारीचा, पुरुषी खेळ तो! मीही आधी तेच म्हणाले. पण रात्री स्टेशनवर छेड काढली जाते म्हणून मुलींनी रात्री बाहेरच पडू नये, असं आपण कधी म्हटलं का? मग इथेच का म्हणावं?

भाची ज्या पात्राच्या रूपाने खेळते तिचं नाव डीव्हा. कथेतलं खरं नाव हाना साँग, मूळ खेळात वय १९, दक्षिण कोरियाची. समुद्रातून वर येणाऱ्या राक्षसी यंत्राशी लढायला कोरियाचं सैन्य माणसाने आत बसून चालवायची महाकाय यंत्रं बनवतं आणि ती चालवायला व्हिडिओ गेममधले पट्टीचे खेळाडू निवडतं. हाना त्यांतली एक. संघात तिचं काम पुढे राहून इतरांना आडोसा देण्याचं. यंत्र मोडलं तर ती बाहेर उडी घेते आणि दुसरं यंत्र येईपर्यंत छोट्या पिस्तुलावर तग धरते. एवढं सगळं करणाऱ्या मुलीला पोशाख मात्र अंगाला घट्ट चिकटलेलाच दिलाय. चित्र काढणाऱ्याची नजर कुठे होती ते कळतंच.

असं असूनही कोरियातल्या मुलींनी डीव्हाला आपलं मानलं. १७ मे २०१६ रोजी सोलमधल्या गंगनम स्टेशनजवळ एका तरुणीचा एका अनोळखी पुरुषाने खून केला. बायका आपल्याला तुच्छ लेखतात, असं कारण त्याने सांगितलं. स्टेशनाच्या दारावर बायकांनी हजारो चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यानंतर आठवड्याभरातच, २४ मे रोजी, हा खेळ बाजारात आला. जूनमध्ये 'गेगुरी' या नावाने खेळणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीवर प्रतिस्पर्धी संघातल्या खेळाडूंनी फसवणुकीचा आरोप केला. इतका अचूक नेम शक्यच नाही म्हणे. तिला मास्क लावून, हातांवर कॅमेरा रोखलेल्या अवस्थेत सर्वांसमोर खेळून दाखवावं लागलं. ती निर्दोष ठरली. २०१८ साली शांघायच्या संघातून ती या खेळाच्या जागतिक लीगमधली पहिली स्त्री खेळाडू झाली. कसब दाखवणाऱ्या मुलाचं कौतुक होतं. मुलीला मात्र आधी अग्निपरीक्षा द्यावी लागते.

तिथल्या तरुणींनी 'राष्ट्रीय डीव्हा संघटना' काढली आणि डीव्हाचं सशाचं चिन्ह झेंड्यावर घेतलं. २१ जानेवारी २०१७ रोजी सोलच्या महिला मोर्चात तो झेंडा फडकला. त्यांचं म्हणणं साधं होतं. खेळात डीव्हा देशाची नायिका आहे, पण आजच्या कोरियात अशी मुलगी घडू तरी शकेल का? ती खरोखर घडेल असा समाज आपणच उभा करायला हवा. कंपनीने विकायला काढलेली बाहुली त्यांनी उचलली आणि तिला मोर्चात चालवलं.

याचा अर्थ कंपनीला शाबासकी द्यावी, असा नाही. जुलै २०२१ मध्ये हा खेळ बनवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डवर कॅलिफोर्निया राज्याने खटला भरला. बायकांना कमी पगार, डावललेली बढती आणि लैंगिक छळ असे आरोप होते. त्याच महिन्यात कर्मचारी काम थांबवून बाहेर पडले. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे साडेपाच कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने चूक कबूल केली नाही आणि व्यापक छळाचे आरोप राज्याने मागे घेतले. पडद्यावर शूर नायिका दाखवणं सोपं असतं. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईला बरोबरीचा पगार देणं कठीण जातं.

मैत्रिणींनो, मुलीच्या हाती यंत्र आणि बंदूक दिली की समता आली, असं मला मुळीच वाटत नाही. बंदुकीवर पोसलेली करमणूक मला आजही खुपते, आणि तो वाद मी भाचीशी घालतेच. पण तो वाद घालायला ती तिथे असायला हवी, तिचा आवाज ऐकू यायला हवा. जिथे मुलं तासन्‌तास जमतात, मैत्री करतात, कमाईची वाट शोधतात, ती जागा सार्वजनिकच आहे. बसथांब्यावर जो हक्क आपण मागतो, तोच इथेही मागायला हवा.

आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत मुलींना एकदा विचारून पाहा, कोण खेळतं, आणि माइक कोण बंद ठेवतं? मुलांनाही विचारा, संघातला एक शिव्या देतो तेव्हा बाकीचे गप्प का बसतात? काय उत्तरं येतात ते आम्हाला जरूर कळवा.

भाचीने परवा माइक चालू केला. दोन मिनिटांत बंद केला. पण पुन्हा करणार आहे म्हणते.