बोटभर सैनिक, मूठभर पैसे

छंदांचे दोन वर्ग असतात, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. एक परवडणाऱ्या छंदांचा आणि दुसरा न परवडणाऱ्या. वाचन, भटकंती, भजन, क्रिकेट हे पहिल्या वर्गातले. दुसऱ्या वर्गातल्या छंदांकडे आमच्यासारख्या घरांतल्या मुलांनी दुरूनच पाहावे, असा एक अलिखित दंडक आहे. हा दंडक मला मान्य नाही. तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी मी मुद्दामच एक महागडा समजला जाणारा छंद निवडला आहे. तो म्हणजे विज्ञानकथेतल्या युद्धांचा टेबलावर मांडायचा खेळ, आणि त्यासाठी लागणाऱ्या लहान लहान सैनिकांची निवड.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बुद्धिबळाप्रमाणे यातही दोन बाजू असतात, पण पटावर घरे नसतात. टेबलावर टेकड्या, भिंती, पडक्या इमारती मांडायच्या. प्रत्येक सैनिकाची छोटी प्रतिमा असते. इंग्रजीत तिला मिनिएचर म्हणतात. कोण किती इंच सरकला हे टेपने मोजायचे, गोळी लागली की नाही हे फाशांवर ठरवायचे. सैनिक परग्रहावरचे असोत वा चाळीस हजार वर्षांनंतरच्या पृथ्वीवरचे, खेळाची रीत हीच.

या खेळाचे एक मूळ इंग्लंडमध्ये आहे. मंगळवासीयांच्या स्वारीची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९८ साली ज्यांनी दिली, त्याच एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियमपुस्तक लिहिले. विज्ञानकथेचा एक जनक आणि या खेळाचा एक जनक ही एकच व्यक्ती असावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. वेल्स यांचे सैन्य काही खास घडवून घेतलेले नव्हते. दुकानात मिळणारे शिपाई, स्प्रिंगवर लाकडी गोळी फेकणारी खेळण्यातली तोफ, लाकडी ठोकळे आणि पुठ्ठ्याची घरे, एवढ्यावर त्यांचे काम भागे.

पुढे १९७५ साली लंडनमध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी स्थापन झाली आणि १९८७ साली तिने 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ काढला. आज जगभर विज्ञानकथेतली लढाई म्हटले की बहुतेकांना हाच खेळ आठवतो. त्याच्या प्रतिमा देखण्या आहेत, यात वाद नाही. पण दहा सैनिकांच्या एका पेटीला आज तिथेच तीस पौंडांहून अधिक पडतात. पौंडाचा भाव शंभर रुपयांच्या वर. म्हणजे एक पेटी तीन हजारांच्या पुढे गेली, टपालखर्च आणि आयातकर वेगळाच. शिवाय एका पेटीने सैन्य होत नाही. अशा अनेक पेट्या लागतात.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. घरी प्रत्येक रुपयाला एक प्रश्न विचारला जातो : "हे कशाला?" पुष्कळांना हा प्रश्न छंदाचा शत्रू वाटतो. मला तो छंदाचा उत्तम सल्लागार वाटतो. सैनिक निवडताना हाच प्रश्न चार वेळा विचारला, तर खर्चाचा डोंगर कसा उतरतो ते पाहा.

पहिला प्रश्न : इतके सैनिक कशाला? सर्वसाधारण नवखा खेळाडू आधी आवडलेली पेटी घेतो आणि मग नियम शोधतो. क्रम उलटा हवा. आधी नियम, मग सैनिक. मोठ्या लढायांच्या नियमांना प्रतिमांचा ढीग लागतो. चकमकीच्या नियमांना मूठभर पुरतात. जोसेफ मॅककुलो यांचा 'स्टारग्रेव्ह' हा खेळ २०२१ साली आला. त्यात एका खेळाडूकडे एक कप्तान, एक साहाय्यक आणि जास्तीत जास्त आठ सैनिक, म्हणजे फार तर दहा जण. कोणत्याही कंपनीच्या प्रतिमा चालतात. 'ग्रिमडार्क फ्यूचर' या खेळाचे मूळ नियम तर फुकट मिळतात आणि तेही कोणत्याच कंपनीला बांधलेले नाहीत. दहा सैनिकांत ज्याला खेळाची गोडी लागत नाही, त्याला शंभरांतही लागणार नाही.

दुसरा प्रश्न : इतके मोठे कशाला? प्रतिमांची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. अठ्ठावीस मिलिमीटरचा सैनिक अंगठ्याच्या पेराएवढा, पंधराचा शेंगदाण्याएवढा, तर सहाचा तांदळाच्या दाण्याएवढा. याखेरीज बहात्तरास एक हे प्रमाण आहे. त्यात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५९ पासून या सुमाराच्या मापाचे प्लॅस्टिकचे शिपाई विकायला सुरुवात केली आणि अशा शिपायांच्या पेट्या अजूनही स्वस्तात स्वस्त समजल्या जातात. त्यांतल्या आधुनिक शिपायांना शिरस्त्राण आणि पाठीवर एखादी नळकांडी चिकटवली की ते सहज भविष्यातले होतात. रणगाडे आणि पलटणींची मोठी लढाई हवी असेल तर सहा किंवा पंधरा मिलिमीटर घ्यावे; पैसेही वाचतात आणि टेबलही लहान लागते. पण सहा मिलिमीटरच्या सैनिकाच्या हातातली बंदूक कोणती हे दिसत नाही, म्हणून दहा जणांच्या चकमकीला ते माप निरुपयोगी. स्वस्त ते सर्वत्र योग्य, असे मुळीच नाही.

मापाच्या बाबतीत एक पथ्य मात्र कडक पाळावे. दिवाळीत आपण किल्ला करतो, तेव्हा बाजारातून आणलेला मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कुणाचे काही बिघडत नाही, कारण किल्ला पाहण्यासाठी असतो. इथे भिंतीआडचा सैनिक शत्रूला दिसतो की नाही, यावर त्याचा जीव अवलंबून असतो. म्हणून दोन्ही बाजूंचे सैनिक आणि मधल्या भिंती एकाच प्रमाणातल्या हव्यात. चौघांनी आधी माप ठरवावे, मगच खरेदी करावी.

तिसरा प्रश्न : याच पदार्थाचे कशाला? प्रतिमा मुख्यतः तीन पदार्थांच्या असतात, आणि त्यांच्या किमतीमागे साधे अर्थशास्त्र आहे. प्लॅस्टिकसाठी पोलादी साचा लागतो. तो अतिशय महाग. पण एकदा केला की त्यातून हजारो नग निघतात आणि प्रत्येक नग स्वस्त पडतो. धातूची प्रतिमा रबरी साच्यात ओततात. तो साचा स्वस्त असल्याने लहान कारागिरांना परवडतो, पण प्रत्येक नगामागे धातू आणि मजुरी लागते. म्हणून सैनिकांची रांग प्लॅस्टिकची आणि एखादा नायक धातूचा, ही वाटणी हिशेबाला बरी. प्लॅस्टिकचे हातपाय कापून जोडताही येतात. जुन्या धातूच्या प्रतिमांत शिसे असू शकते, तेव्हा त्या घासताना धूळ नाकात जाऊ देऊ नये आणि नंतर हात धुवावेत. तिसरा पदार्थ रेझिन. आजकाल घरगुती यंत्रावर रेझिनच्या प्रतिमा छापता येतात आणि त्या सुबक असतात. पण कच्चे रेझिन त्वचेला घातक आहे. हातमोजे, खेळती हवा आणि छापल्यावर धुण्या-वाळवण्याची सोय हवी. वसतिगृहाच्या एका खोलीत चार खाटांमध्ये हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि चौथा पदार्थही आहे, ज्याचे नाव घ्यायला लोक लाजतात. तो म्हणजे कागद! जाड कागदावर पुढून-मागून सैनिकाचे चित्र छापायचे, दुमडून चिकटवायचे आणि पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर उभे करायचे. झेरॉक्सच्या दुकानातल्या दोन-तीन रंगीत पानांत दोन्ही बाजूंचे सैन्य उभे राहते. वसतिगृहात आम्ही चौघे असेच खेळतो. हरलेल्याचे दुःख आणि जिंकलेल्याची ऐट कागदामुळे तसूभरही कमी होत नाही.

चौथा प्रश्न : आत्ताच कशाला? 'वॉरहॅमर ४०,०००' च्या नव्या आवृत्त्या २०१४, २०१७, २०२० आणि २०२३ साली आल्या, म्हणजे दर तीन वर्षांनी. प्रत्येक वेळी कुणी बलवान ठरतो, कुणी दुबळा. जो यंदाच्या नियमांतला सर्वांत जबर सैनिक पाहून पैसे ओततो, तो वाळूवर घर बांधतो. त्यापेक्षा शिरस्त्राण घातलेला, बंदूक घेतलेला, कुठल्याही ग्रहावर शोभेल असा साधा सैनिक घ्यावा. नियम बदलले तरी तो बदलत नाही. आणि घेतलेले दहा रंगवून होईपर्यंत अकरावा घेऊ नये. दहा रंगवलेले सैनिक कपाटातल्या शंभर उघड्या प्लॅस्टिकपेक्षा अधिक सैन्य आहेत.

यावर दोन-तीन आक्षेप येतील. पहिला : "असल्या कागदी, जोडाजोडीच्या सैन्याला खरा खेळ कोण म्हणेल?" ऐतिहासिक लढाया मांडणाऱ्यांकडून हा आक्षेप मी समजू शकतो. १८१५ सालचे वॉटर्लू मांडायचे तर फ्रेंच शिपायाच्या कोटाचा रंग चुकून चालणार नाही. पण ज्या ग्रहावर अद्याप कुणी गेलेच नाही, तिथल्या सैनिकाचा गणवेश चुकणार कसा? विज्ञानकथेने दिलेले हे स्वातंत्र्य आपणच एका कंपनीच्या पायाशी का ठेवावे? कंपनीच्या स्वतःच्या दुकानांत आणि अधिकृत स्पर्धांत तिच्याच प्रतिमा लागतात, हे खरे; तो तिचा अधिकार आहे. आपल्या टेबलावर तो नियम लागू नाही. आणि इतिहास पाहावा, तर या खेळांची थोर परंपराच जोडाजोडीची आहे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स यांनी १९७० च्या दशकात हाँगकाँगमध्ये बनलेली स्वस्त प्लॅस्टिकची विचित्र जनावरे घेतली आणि त्यांतून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' मधले काही प्रसिद्ध राक्षस जन्माला आले. खुद्द गेम्स वर्कशॉपच्या मासिकात 'वॉरहॅमर ४०,०००' च्या सुरुवातीच्या काळात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा बनवावा, हे शिकवले होते! तेव्हा कसोटी एकच ठेवावी. टेबलापलीकडच्या प्रतिस्पर्ध्याला न विचारता कळले पाहिजे की हा नायक, हा जड तोफवाला आणि हे साधे शिपाई. ज्या प्रतिमेतून हे कळते ती चांगली प्रतिमा. जिच्यातून कळत नाही, ती कितीही सुबक असो, खेळाच्या उपयोगाची नाही.

दुसरा आक्षेप नव्हे, दुसरा मोह आहे. महागड्या प्रतिमांचे चोरून साचे काढून केलेल्या नकला स्वस्तात मिळतात. "कंपनी श्रीमंत आहे, तिचे काय जाते?" असे म्हटले जाते. मला हे पटत नाही. त्या प्रतिमेमागे कुणीतरी डोळे ताणून केलेले कोरीवकाम असते. हाताने काम करणाऱ्याचा मोबदला बुडू नये, हे ज्यांच्या घरी आईबापांनी मजुरीसाठी दारोदार खेटे घातले त्यांना तरी सांगावे लागू नये. फुकट नियम, कागदी सैनिक आणि स्वस्त पेट्या उपलब्ध असताना चोरीला गरिबीचे निमित्त सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप गुरुजनांचा : "जगात खरी युद्धे चालू असताना हा युद्धाचा खेळ हवाच कशाला?" प्रश्न रास्त आहे. वेल्स यांनाही तो सुचला होता. खरे युद्ध किती मोठे आणि किती मूर्खपणाचे असते, हे हे छोटे युद्ध तीन-चार वेळा खेळल्यावर माणसाला कळू लागते, असा त्यांच्या पुस्तकाचा एकूण रोख आहे. दुर्दैवाने पुस्तक आले १९१३ साली, आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध थांबत नाही, हे मला मान्य आहे. पण आपली सगळी योजना एका फाशाने धुळीला मिळते, हा अनुभव विजयाच्या गप्पा मारणाऱ्याला थोडा नम्र करतो, एवढे तरी श्रेय खेळाला द्यावे.

मित्रहो, विज्ञानकथा भविष्याची कल्पना करते. त्या भविष्यात कोण असणार, हे जर आज कुणाच्या खिशात तीन हजार रुपये आहेत यावर ठरू लागले, तर ती कल्पना फारच तोकडी म्हटली पाहिजे. परवडणारा सैनिक निवडणे म्हणजे मन मारून दुय्यम वस्तू घेणे नव्हे. आपल्याला नेमके काय खेळायचे आहे, कुणाबरोबर खेळायचे आहे आणि त्यासाठी किती पुरे आहे, हे ओळखणे होय. ज्यांना ही ओळख करून घ्यायची असेल त्यांनी कात्री, डिंक, एक टेप आणि सहा फासे घेऊन यावे. सैन्य आपण तिथेच बसून कापू.