भीमेचा काठ कोणाचा?

पुणे-नगर रस्त्याने मोटारीतून शिरूर ओलांडणाऱ्या प्रवाशाला घोड नदी दिसते ती पुलाच्या कठड्यापलीकडे, क्षणभर. ज्या गावाला एकेकाळी घोडनदी याच नावाने ओळखले जाई, त्या गावाची नदीच आज वाटसरूच्या नजरेतून सुटते. परंतु त्याच प्रवाशाने सायकल घेतली, न्हावऱ्याचा रस्ता धरला, पारगावच्या पुलावर भीमा ओलांडली आणि नानगाव-कानगावच्या अंगाने सावकाश दौंड गाठले, तर एका दिवसात त्याला विकासाचा असा हिशेब वाचायला मिळेल की जो कोणत्याही सरकारी अहवालात मांडलेला नसतो.

सायकल हे या भागात कधीच हौसेचे वाहन नव्हते. दुधाच्या किटल्या वाहणारा गवळी, शाळेत जाणारी मुले, पाळीवर निघालेला दौंडचा रेल्वे कामगार, या सर्वांचे ते वाहन. १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झाले, त्या काळापासून हे गाव कष्टकऱ्यांचे गाव आहे. आता रस्ते रुंद झाले, पण सायकलवाल्याची जागा अरुंद झाली. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोरून आला की त्याला मुकाट्याने साईडपट्टीवर उतरावे लागते. रविवारी पुण्याहून महागड्या सायकली घेऊन येणाऱ्या तरुणांच्या हौसेविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. उलट त्यांनी पुलावर जरा थांबून खाली पाहावे, एवढीच अपेक्षा.

कारण खाली जे आहे ते पाहण्यासारखे नसले तरी पाहिलेच पाहिजे. पारगावच्या थोडे वर, वाळकी आणि रांजणगाव सांडस यांच्या दरम्यान, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी सोबत आणते. पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो आणि त्याखालच्या पाण्याचा वास काठावरच्या घरांत शिरतो. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे, म्हणजे त्याला अर्धशतक उलटून गेले. याच मुळेचे वरचे पाणी टाटांच्या वीजनिर्मितीसाठी घाटाखाली कोकणात वळवण्यात आले आणि त्यासाठी बुडणाऱ्या जमिनी वाचवण्याकरिता १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, याचे स्मरण येथे अस्थानी होणार नाही. निर्मळ पाणी वरच्यावर उचलले गेले. खालच्यांच्या वाट्याला शहराची मोरी आली.

पाण्याची ही गत, तर वाळूची त्याहून वाईट. नदीतील वाळू ही कोणाची मालमत्ता नसून ती नदीचे कोठार आहे. पावसाचे पाणी ती धरून ठेवते आणि उन्हाळ्यात काठावरच्या विहिरींना पुरवते. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळवंटात भूमिहीन कुटुंबे कलिंगडाच्या वाड्या लावीत. उपसा यंत्रांनी सुरू झाला तेव्हा या वाड्या गेल्या, पात्रात माणूस बुडेल असे खड्डे पडले आणि रात्री वाळूच्या गाड्या धावू लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. राज्य सरकारने २०२३ साली ६०० रुपये ब्रासने वाळू विकण्यासाठी सरकारी डेपो उघडले आणि दोनच वर्षांत, २०२५ मध्ये, पुन्हा लिलावाची वाट धरली. धोरणे अशी उलटसुलट फिरतात. या फेऱ्यांत काठावरच्या भोयाला, कुंभाराला, अल्पभूधारकाला त्याचे मत कोणी विचारले? पर्यावरणप्रेमींचे तहसीलदाराला निवेदन देऊन हा प्रश्न सुटेल अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी मध्यरात्री एकदा काठावर उभे राहून पाहावे.

दिवेलागणीनंतर मात्र सायकलस्वाराने या वाटेवर रेंगाळू नये. दोन्ही बाजूंना ऊस माजला आहे आणि उसात बिबट्या वस्तीला आला आहे. कृषिपंपांना वीज मिळते तीही बहुधा रात्री, त्यामुळे दारे धरणारा मजूर जीव मुठीत घेऊन चिखलात उभा असतो. दिवसा वीज द्या, ही मागणी येथे सोयीची नव्हे, जिवाची आहे.

दौंडच्या खालच्या अंगाला, खानोट्याकडे, उजनीचा फुगवटा लागतो. १९८० साली पुरे झालेल्या या धरणाने सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठवले आणि काठची गावे उठवली. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना आता तेथील काही मच्छीमार होडीतून फिरवून आणतात. चार पैसे मिळतात, ते मिळोत. पण जाळ्यात येणारी मासळी कोणते पाणी पिऊन वाढली, याचे उत्तर पर्यटनातून मिळणार नाही.

नदी, तिचा काठ आणि तिची वाळू यांचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालच्या कमलनाथ खटल्यात मान्य केले. मग विश्वस्ताकडे हिशेब मागायला कार्यकर्त्यांनी संकोच का करावा? शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतील नदीकाठच्या ग्रामसभांनी वाळूचा लिलाव होण्यापूर्वी पात्राची मोजणी गावासमोर करण्याचा, महापालिकांच्या सांडपाणी केंद्रांचे आकडे गावच्या फलकावर दरमहा लावण्याचा आणि मासेमारीचा हक्क काठावरच्या भोयांच्या सहकारी संस्थांनाच देण्याचा ठराव करावा. त्यासाठी गावोगाव हिंडावे लागेल. मोटार लागणार नाही. सायकलने हे अंतर सहज पार होते, आणि वाटेत माणसे भेटतात.